भट्टीची वीट

त्या रविवारी उद्धवराव चाकणच्या बाजारातून कांद्याची अर्धी गोणी घेऊन आले. आमच्या रावेतच्या इमारतीची लिफ्ट बंद होती, म्हणून गोणी खांद्यावर टाकून चौथा मजला चढले आणि दारातच बसकण मारली.

"जयसिंगराव, माल आलाय. उतरवून घ्या."

अण्णा आतल्या खोलीत पलंगावर उशीला टेकून बसले होते. तिथूनच म्हणाले, "आधी वजन करा. तुमचा भरवसा नाही. वाटेत निम्मे खाल्ले असतील."

"कच्चे?"

"कँटीनमध्ये भजी कच्ची खायचा तुम्ही. कांद्याचं काय घेऊन बसलात."

अण्णा म्हणजे माझे वडील. ते आणि उद्धवराव पिंपरीच्या एका कारखान्यात एकाच भट्टीवर आयुष्यभर कामाला होते. गिअर, शाफ्ट, असले लोखंडी भाग लाल होईपर्यंत तापवायचे आणि तेलात बुडवून कडक करायचे, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी दोघं एकमेकांना 'राव' लावत आणि त्याच तोंडानं एकमेकांचा पाणउतारा करत.

अण्णांचा कॅन्सर तेव्हा मणक्यात उतरला होता. मी रावेतला एकटीच राहत होते. आजार कळल्यावर आई-अण्णांना पिंपरीच्या घरातून माझ्याकडे आणलं. रोग बरा होणार नाही, पण वेदना आवरता येतील, असं डॉ. ज्ञानेश म्हणाले होते. ते अशा रुग्णांना घरी येऊन बघत. अण्णांच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, ते एक पातळ पट्टी चिकटवत. तिच्यातून अफूच्या जातीचं औषध थोडं थोडं अंगात उतरत राही. काही दिवसांनी जुनी काढायची, नवी लावायची. अण्णा तिला स्टिकर म्हणत.

"बघू तुमचा स्टिकर," उद्धवराव म्हणाले.

अण्णांनी सदरा वर केला. "इन्स्पेक्शन ओके. माल डिस्पॅचला तयार."

"गप बसा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "भाऊजी, तुमी तरी हसू नका."

पण उद्धवराव हसत होते, आणि अण्णाही, पाठीला कळ येईपर्यंत. मग दुपारभर दोघांनी जुन्या गोष्टी काढल्या. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा कसा निघायचा. थंडीत पहिल्या पाळीला आलेली माणसं आधी भट्टीकडे पाठ करून कशी उभी राहायची, आणि नवा सुपरवायझर त्यांना पाहून म्हणाला होता, "इथे काय लग्नाचा फोटो काढताय का?" अण्णांनी त्यालाच रांगेत उभं केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो आपणहून येऊन उभा राहू लागला.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दुपारीही मी पुस्तक मिटून ऐकली.

संध्याकाळी उद्धवराव गेल्यावर अण्णांची पाठ फार दुखू लागली. नदीकडून गार वारा येत होता. आईनं खिडक्या लावल्या आणि गॅसवर वीट ठेवली. ती तापल्यावर आपल्या जुन्या सुती पातळाच्या घडीत गुंडाळून अण्णांच्या पाठीशी सरकवली. अण्णांनी डोळे मिटले.

"हां," ते म्हणाले. "आता कसं."

मी दिवा मालवायला गेले तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच मला सांगितलं, "विजू, कांदे गॅलरीत पसरून ठेव. गोणीत सडतात."

"सकाळी ठेवते," मी म्हटलं.

*

त्या विटेबद्दल सांगायला हवं.

कारखान्यातल्या भट्टीला आतून विटांचं अस्तर असे. अधूनमधून भट्टी थंड करून ते अस्तर बदलत आणि जुन्या विटा फेकून देत. माझ्या जन्माच्या आसपास अण्णांनी त्यातली एक धड वीट साहेबांना विचारून घेतली, टॉवेलात बांधली आणि कंपनीच्या बसमधून मांडीवर घेऊन घरी आणली. आई सांगते, बाकीच्यांना वाटलं जयसिंगला मुलगी झाली म्हणून पेढे नेतोय. पिवळसर, साध्या विटेपेक्षा जड, एका बाजूला पुसट झालेली इंग्रजी अक्षरं. एकदा तापली की रात्रभर ऊब सोडत नसे.

पिंपरीच्या आमच्या दोन खोल्यांत ती स्टोव्हच्या मागे उभी असे. वर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पाण्याचा पिंप आणि त्याच्या शेजारी वीट. आईची कंबर, अण्णांची पाठ, माझा परीक्षेच्या दिवसांत दुखणारा पोटाचा खड्डा, सगळं तिच्यावर शेकलं जाई. आळीतली माणसं मागायला येत. "कस्तुराबाई, जरा वीट द्या, आमच्या म्हाताऱ्याचा गुडघा धरलाय." परत करताना कोणी रिकामी देत नसे, पातळाच्या घडीत दोन लिंबं, मूठभर शेंगा, असं काहीतरी असे.

मला पाळी आली त्या वर्षीचं आठवतं. आई मामाकडे खेडला गेली होती. मी आतल्या खोलीत गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. अण्णांनी मला काही विचारलं नाही. स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला, बऱ्याच वेळानं बंद झाला. मग त्यांनी फडक्यात गुंडाळलेली वीट उंबऱ्याच्या आत ठेवली आणि बाहेर पायरीवर पेपर वाचत बसले. नेहमी ते मनात वाचत. त्या दिवशी मोठ्यानं वाचत होते, म्हणजे आपण इथेच आहोत हे मला कळावं.

पुढे मी एका कॉलेजात ग्रंथपाल झाले. आजवर माझ्या हाताखालून खूप पुस्तकं गेली. माया म्हणजे काय याबद्दल त्यांत बरंच काही वाचलं. पण तो शब्द वाचला की मला अजूनही स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज ऐकू येतो.

*

सोमवारी सकाळी मी चहा ठेवला. आई म्हणाली, "झोपू दे त्यास्नी. लई दिवसांनी अशी गाढ झोप लागलीया."

चहा झाला तरी अण्णांच्या घोरण्याचा आवाज मला वेगळा वाटत होता. आत जाऊन पाहिलं. ते एक श्वास घेत होते, मग थांबत होते. इतके थांबत होते की मी त्यांच्या छातीवर हात ठेवून वाट पाहिली. ओठ निळसर झाले होते. पाठीखाली वीट अजून कोमट होती. मी हाका मारल्या, गाल थोपटले. आई दारात उभी राहून म्हणाली, "अगं, कशाला उठवतीस?"

रुग्णवाहिका लवकर आली. तिच्यातल्या माणसानं अण्णांच्या पापण्या वर करून टॉर्च मारला, पाठीवरची पट्टी पाहिली आणि ओढून काढली.

"ताई, हे याचंच आहे. डोस जास्त गेलाय," तो म्हणाला. "यावर उतारा असतो. एक इंजेक्शन. परदेशात नाकात मारायचा फवारासुद्धा मिळतो म्हणे."

"मग द्या."

"आमच्या गाडीत नसतं. डॉक्टर सोबत नसेल तर आम्हांला द्यायची परवानगी नाही."

"मेडिकलमध्ये?"

"चिठ्ठी लागते. आणि चिठ्ठी असली तरी कोणी ठेवत नाही, मागायला येतंय कोण?"

तो वाईट माणूस नव्हता. सबंध वाटेत तो हातानं फुगा दाबून अण्णांना हवा देत होता आणि ड्रायव्हरला शिव्या देत होता. पण सोमवारची सकाळ होती. हिंजवडीला जाणाऱ्या गाड्यांनी चौक भरला होता. सायरन वाजत होता आणि गाड्यांना बाजूला व्हायला जागाच नव्हती. शेजारच्या कॅबमधली एक मुलगी आमच्याकडे पाहून हात जोडत होती, हे मला उगाच लक्षात राहिलं आहे.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी ते इंजेक्शन दिलं. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. नर्सनं सुई काढली, आणि ती ट्रेमध्ये ठेवेपर्यंत अण्णांची छाती वर आली. मग पुन्हा. भात्यासारखी, नीट, एका लयीत. इतकं सोपं होतं ते.

मी आईला सांगायला धावले. पण अण्णा जागे झाले नाहीत. मधल्या वेळात मेंदूला हवा मिळाली नव्हती. दोन दिवस छाती तशीच वर-खाली होत राहिली, आणि मग थांबली.

डॉ. ज्ञानेश पहिल्याच दिवशी आले होते. आयसीयूच्या बाहेर मला बाजूला घेऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पट्टीवर काही गरम लावलं होतं का? उष्णतेनं औषध एकदम अंगात उतरतं."

"वीट," मी म्हणाले.

"पण गरम पाण्याची रबरी पिशवी लावायची नाही, असं आमच्या नर्सनं तुमच्या आईंना सांगितलं होतं. दोनदा."

"आमच्याकडे रबरी पिशवी नाहीच, डॉक्टर."

 ते म्हणाले, "खरं आहे. आम्ही पिशवीच म्हणतो."

आई कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला बाकावर बसून त्रिशरण म्हणत होती. तिला मी काही सांगितलं नाही.

*

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच गोष्ट सांगे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तर तिनं ती इतक्यांदा सांगितली की मला पाठ झाली.

"आजारानं न्हेलं, त्याला काय इलाज? पर शेवटची रात सुखाची गेली त्यांची. नर्सबाय म्हणली व्हती, रबरी पिशवी नगं, तिला काय वास येत असंल, पाणी सांडत असंल. म्या म्हनलं, आमची वीट हाय की. मस्त शेक दिला. 'हां, आता कसं' म्हनले आन् झोपले. कळ न्हाई, काय न्हाई."

ऐकणाऱ्या बायका मान डोलवत. "भाग्याचे," म्हणत. आईचा चेहरा त्या एका वाक्यापुरता मऊ होई.

बाकी दिवसभर ती गॅलरीत बसून राही. अण्णांनी पसरून ठेवायला सांगितलेले कांदे मी शेवटी पसरले होते. त्यातल्या काहींना हिरवे कोंब आले होते. ती ते कोंब खुडून भाजीत घाली. रात्री गुडघ्याखाली वीट घेऊन झोपे. मी तिच्याकडे पाही आणि वाटे, या बाईकडे आता एवढं एकच वाक्य उरलं आहे. ते मी का काढून घेऊ?

पावसाळा संपता संपता डॉ. ज्ञानेश यांचा फोन आला. त्यांनी आणि आणखी काही डॉक्टरांनी मिळून सरकारकडे एक मागणी केली होती. ज्यांना घरी मॉर्फिनच्या गोळ्या किंवा अशी पट्टी दिली जाते, त्यांना तिच्याबरोबरच उताऱ्याचं औषध मिळावं आणि घरच्यांना ते द्यायला शिकवावं. रुग्णवाहिकेतल्या माणसाला ते देण्याची मुभा असावी. मेडिकलच्या दुकानात ते वेगळ्या चिठ्ठीशिवाय मिळावं. यावर विचार करायला नेमलेल्या समितीची बैठक चिंचवडला होती.

"आकडे आम्ही मांडू," ते म्हणाले. "पण घरात काय होतं ते सांगणारं कोणी हवं. तुम्ही याल?"

मी गेले. आईला सांगितलं, कॉलेजचं काम आहे.

माझ्या आधी चाकणच्या सुमनताई बोलल्या. त्यांचा मुलगा एका ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यावर होता. जागं राहायला एक गोळी, झोपायला दुसरी, असं करत करत तो अफूच्या जातीच्या गोळ्यांवर गेला होता. "माझ्या मांडीवर गेला तो," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणले, इंजेक्शन येळंवर मिळालं असतं तर वाचला असता. मी जवळ होते ना. माझ्याजवळ असतं तर मीच दिलं असतं." टेबलाच्या पलीकडच्या एका गृहस्थांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, की असं औषध हाताशी आहे म्हटल्यावर ही मुलं आणखी बेफिकीर होणार नाहीत का?  सुमनताईंनी पदर नीट केला.

मग माझा नंबर आला. मी रुग्णवाहिकेचं सांगितलं, चौकाचं सांगितलं, छाती वर आली ते सांगितलं. त्याच गृहस्थांनी विचारलं, "पण डोस जास्त झाला कसा? चुकून दोन पट्ट्या लावल्या होत्या का?"

"नाही."

"मग?"

डॉ. ज्ञानेश माझ्याकडे पाहत होते.

"कारण नीट समजलं नाही," मी म्हणाले.

त्या गृहस्थांनी मान हलवली. नीट वापरलं तर घरी असं काही होत नाही, तेव्हा प्रश्न मुख्यतः व्यसनी लोकांचा आहे, असं त्यांचं मत दिसलं. पुढच्या बैठकीत पुन्हा पाहू, असं ठरलं. बाहेर आल्यावर सुमनताई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "तुमचे वडील तरी आजारी होते ना, ताई. त्यांना कोण नावं ठेवणार." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

*

काही दिवसांनी मी कॉलेजातून घरी आले तर आई गॅसपाशी पिशवी भरत होती. कोंब आलेले चार कांदे, भाकऱ्या आणि पातळात गुंडाळलेली वीट.

"कुठे निघालीस?"

"भोसरीला, भाऊजींकडं. त्यांच्या सुनेचा फोन आल्ता. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन बिघडलंय त्यांचं, लई दुखतंय. तुझ्या त्या डाक्टरनं त्यास्नी बी स्टिकर लावलाय." ती पिशवीचे बंद बांधू लागली. "म्हनलं, वीट देऊन येते. आपल्याकडं नुसती पडून हाय. त्यांचीच भट्टी, त्यांचीच वीट."

मी तिच्या हातातून पिशवी घेतली आणि ओट्यावर ठेवली.

"आई, वीट नको नेऊस."

"का गं?"

मी तिला बसवलं. पट्टीवर गरम लावलं की काय होतं ते सांगितलं. शक्य तितक्या कमी शब्दांत सांगितलं, कारण जास्त शब्द माझ्याकडे नव्हते.  माझं संपल्यावर तिनं विचारलं, "पर म्या तर पिशवी न्हाई लावली."

"हो."

"ती नर्सबाय पिशवीच म्हनली व्हती."

"हो, आई."

 ती उठली, कांदे आणि भाकऱ्या बाहेर काढल्या, वीट तशीच पातळात उचलली आणि गॅलरीत कोरफडीच्या कुंडीमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्या दिवसापासून तिनं ती गोष्ट कोणाला सांगितली नाही. मुळात तिनं काहीच सांगणं बंद केलं. जेवणाचं विचारलं तर "व्हय", "न्हाई", एवढंच. मी तिचं वाक्य काढून घेतलं होतं, आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

उद्धवरावांना मी फोनवर सगळं सांगितलं. विटेचं, पट्टीचं, बैठकीचंही. त्यांच्या सुनेला बजावलं, ऊब येईल असं काहीही पाठीला लावू नका, कशानंही.

पुढच्या रविवारी ते आले. त्यांचा मुलगा खालून हात धरून वर घेऊन आला होता आणि मग पार्किंगला गेला. उद्धवराव पूर्वीच्या निम्मे झाले होते. खुर्चीवर टेकून आधी श्वास घेतला, मग म्हणाले, "वहिनी, भाकरी पाठवणार होता म्हणे. मी वाट बघून बघून शेवटी स्वतःच आलो. ही काय पद्धत झाली?"

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"तुमच्या मैतराला म्या मारलं, भाऊजी," ती म्हणाली.

हे वाक्य ती कधीतरी बोलणार हे मला माहीत होतं. 

 "गॅलरीत ठेवलीय ना ती?" उद्धवरावांनी मला विचारलं. "आण इकडं."

मी वीट आणली. त्यांनी ती मांडीवर घेतली, पुसट अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"सहा नंबरच्या भट्टीची," ते म्हणाले. "वहिनी, आमच्या त्या भट्टीशेजारी तेलाची टाकी होती. लाल झालेला माल तेलात सोडायचा. कधीतरी तेल पेट घ्यायचंच. कितीही जपा. जयसिंगराव एवढे जपणारे, त्यांच्या हातूनही दोनदा पेटलं. म्हणून टाकीशेजारी वाळूच्या बादल्या असायच्या, भिंतीला लटकवलेल्या. तेल पेटलं की वाळू टाकायची आणि कामाला लागायचं. त्याची कधी चौकशी झाली नाही." त्यांनी श्वास घेतला. "एकदा बादल्या रंगवायला नेल्या आणि परत आणल्याच नाहीत. त्या दिवशी आमच्यातल्या भिवाचा हात भाजला. चौकशी झाली. साहेबानं भिवाला विचारलं, तू माल जोरात सोडलास का? जयसिंगराव पुढं झाले. म्हणाले, माल रोजच सोडतो साहेब. बादली कुठंय ते सांगा."

आई खाली बसली. पहिल्यांदा रडली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तोंडावर पदर न घेता.

 उद्धवराव स्वतःच्या पाठीकडे अंगठा दाखवून म्हणाले, "स्टिकर तर मलाही लावलाय. सुनेनं डॉक्टरकडं उतारा मागितला. ते म्हणाले, माझ्या हातात असतं तर आजच दिला असता. म्हणजे माझ्या भिंतीला अजून बादली नाही, वहिनी."

आईनं डोळे पुसले. माझ्याकडे वळून म्हणाली, "ती बैठक पुन्हा कवा हाय?"

"पुढच्या आठवड्यात."

"तिथं तू काय सांगितलंस मागल्या टायमाला?"

"कारण समजलं नाही म्हणाले."

"का?"

 तिला माझ्या उत्तराची गरजही पडली नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उद्धवरावांसाठी भाकरीचं पीठ काढू लागली.

"म्या येते संगं," आतून तिचा आवाज आला.

*

बैठकीला ती अण्णांनी घेतलेलं निळं लुगडं नेसून आली. मांडीवर कापडी पिशवी होती. आत काय आहे हे मी विचारलं नाही. पिशवी ज्या तऱ्हेनं खाली ओढली जात होती, त्यावरून कळत होतं. दुसऱ्या बाजूला सुमनताई बसल्या होत्या. आईनं त्यांना विचारलं, "तुमचं कोन गेलं?" त्या म्हणाल्या, "पोरगा." आईनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि सोडला नाही.

माझं नाव पुकारलं. तेच गृहस्थ टेबलापलीकडे होते. "तुमचं ऐकून झालंय ना मागे?" ते म्हणाले.

"अर्धंच," मी म्हणाले.

मागे वळून पाहिलं. आईनं मान हलवली.

"मागे तुम्ही विचारलंत, डोस जास्त कसा झाला. मी म्हणाले, समजलं नाही. मला त्याच दिवशी समजलं होतं. आदल्या रात्री माझ्या आईनं अण्णांच्या पाठीला शेक दिला, त्या पट्टीवरच. रबरी पिशवी लावू नका असं तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते पाळलं होतं. आमच्या घरी पिशवी नाही. आमच्याकडे भट्टीची वीट आहे. दुसऱ्या कोणाच्या घरी आणखी काही असेल. तुम्ही सूचनांच्या पत्रकात कितीही गोष्टी छापा, एखाद्या घरातली एखादी राहूनच जाईल.

"या सुमनताई आहेत. त्यांचा मुलगा आणि माझे वडील एकाच तऱ्हेनं गेले. दोघांचा श्वास थांबला, आणि दोघांना लागणारा उतारा एकच होता. माझ्या वडिलांना तो मिळाला, पण उशिरा. त्यांची छाती पुन्हा वर आलेली मी पाहिली आहे.

"माझ्या आईनं दिलेल्या शेकानं अण्णांना किती दिवसांनी झोप लागली, हे खरं आहे. त्याच शेकानं ते गेले, हेही खरं आहे. हे दुसरं मी तिला सांगत नव्हते, आणि तुम्हांलाही सांगितलं नाही. ते औषध आमच्या घरात असतं, नाहीतर त्या गाडीत असतं, तर यातलं पहिलंच तेवढं खरं राहिलं असतं."